मी जिन्यात उभा आहे

“पहिला डाव माझा!” जिना उतरता उतरता इंजिन ओरडला.

“का म्हणून? पाहुणी टिटवी आहे, पहिला डाव तिचा,” मागून शंकी म्हणाली. “आणि काय रे, दुकान उघडं असेल कशावरून?”

“आली हिची पहिली शंका! सुट्टीत गेमचं दुकान बंद ठेवायला तो दुकानदार काय खुळा आहे?”

इंजिन म्हणजे टिटवीचा मामेभाऊ. तो कधी चालला आहे असं कोणी पाहिलेलं नव्हतं. शंकी त्याच्या शेजारची. आणि टिटवी? तिला टिटवी म्हणायचे कारण ती एकदा ओरडली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. पण ती ओरडून आता दोन वर्षं होत आली होती. बाबा गेले आणि तिचा आवाज खाली बसला. नाव तेवढं राहिलं.

आज ती सुट्टी घालवायला निघाली नव्हती. ती बाबांना ऐकायला निघाली होती.

त्याचं असं झालं. ‘तेरावा जिना’ नावाचा गुप्तहेराचा एक सिनेमा आला होता. तो इतका चालला, की त्याच्यावर गेमही निघाला. लांब कोट, पाठलाग, छपरांवरच्या उड्या, सगळं सिनेमासारखंच! फक्त सिनेमातल्या हिरोला गेमसाठी आवाज द्यायला वेळ नव्हता. मग बोलावलं टिटवीच्या बाबांना. त्यांचं कामच आवाजाचं. जाहिरातीतला डॉक्टर, कार्टूनमधलं अस्वल, बंबाची शिट्टीसुद्धा ते तोंडाने काढायचे. हिरोची नक्कल त्यांनी अशी हुबेहूब केली, की खुद्द हिरोची आई फसली असती.

पुढे मोबाइलवर नवा गेम आला, त्यात आवाज दुसऱ्याचा. जाहिराती बदलल्या, अस्वलही बंद पडलं. आईच्या फोनमध्ये बाबांनी बोलून पाठवलेले पुष्कळ निरोप होते. पण फोन हळू चालतो म्हणून मामाने एक दिवस तो मन लावून साफ करून दिला. फोन पळायला लागला आणि बाबा पुसले गेले. आई मामाला काही बोलली नाही. ती बाबांबद्दलच बोलायची थांबली.

आणि परवा इंजिन फोनवर सहज म्हणाला होता, “आमच्या इथं तेराव्या जिन्याचं जुनं मशीन आहे, अगदी पहिलं!” टिटवीने त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि आईला घेऊन ती मामाकडे आली.

“पण त्यात तर तुझे बाबा हिरोच्या आवाजात बोलतात,” वाटेत शंकी म्हणाली. “मग ते तुझे बाबा कसे?”

“घसा तर बाबांचाच ना!” टिटवी म्हणाली.

दुकानाचं शटर खाली होतं. कुलपावर धूळ बसली होती.

“बंद? परीक्षेआधी तर चालू होतं!” इंजिनचं तोंड उघडंच राहिलं.

टिटवी शटरकडे नुसती बघत राहिली. इतक्या लांबून येऊन दारातच गाडी अडावी, तसं तिला झालं.

शेजारी इस्त्रीचं दुकान होतं. तिथल्या मावशी इस्त्री थांबवून म्हणाल्या, “काय पाहताय पोरांनो? ते गेलं कायमचं. आणि तिथं फार रेंगाळू नका हं. आत माणूस बोलतो!”

“बंद दुकानात?”

“तर काय! मी दुकानाच्या मालकांना सांगितलं, तर म्हणाले, नंतर बघू.”

शंकीचे डोळे चमकले. ती तडक शटरपाशी गेली आणि तिने कान लावला. इंजिनने लावला. मग टिटवीनेही लावला. पत्रा उन्हाने तापला होता. आत बारीक संगीत चालल्यासारखं वाटलं. ते थांबलं. कोणीतरी हलकेच खाकरलं.

“अंहं. झालं का? नसेल झालं तर होऊ दे. घाई नाही. मी जिन्यात उभा आहे.”

इंजिन गल्लीच्या टोकाला पोचलासुद्धा! शंकीने टिटवीचा हात घट्ट धरला. टिटवीने मात्र कान आणखी दाबून लावला.

“बाबा,” ती म्हणाली.

“हिरोच्या आवाजात?”

“नाही गं. त्यांच्याच आवाजात!”

रोज सकाळी शाळेच्या वेळी टिटवीचा एक बूट हरवायचा. रोज! बाबा तिचं दप्तर खांद्याला अडकवून जिन्यात थांबायचे आणि तिथून हेच म्हणायचे. आधी खाकरणार, मग ‘झालं का’, मग ‘घाई नाही’. ते कधी ओरडले नाहीत आणि ती कधी वेळेवर निघाली नाही.

इंजिन हळूहळू परत आला. “भूत असेल तर मी घाबरत नाही,” तो लांबूनच म्हणाला.

“भूत गेमच्या दुकानात कशाला राहील? त्याला काय डाव खेळायचाय?” शंकी म्हणाली. “गप्प बस आणि ऐक.”

तिघं ऐकत बसली. पुन्हा संगीत आणि पुन्हा खाकरणं. “एक बूट सापडत नसेल, तर पलंगाखाली बघ.”

“अरे! हे संगीत तेराव्या जिन्याचं आहे!” इंजिनने कपाळावर हात मारला. “तुम्ही काहीच दाबलं नाही ना, की तो गुप्तहेर वळून आपल्याकडे बघतो आणि काहीतरी बोलायला लागतो.”

“काय बोलतो?”

“मला काय माहीत! मी कधी थांबलोय?”

“म्हणजे मशीन चालू आहे,” शंकी म्हणाली. “पण बंद दुकानात वीज कुठून? आणि खेळतंय कोण?”

दुकानाशेजारच्या जिन्याखाली विजेचे मीटर होते. दुकानाच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. टिटवी धावतच सुटली, आणि इंजिनला आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी मागून पळावं लागलं.

दुकानाचे मालक मागच्याच इमारतीत राहत. गल्ली त्यांना नंतरकाका म्हणे. नळ गळतोय? नंतर बघू. पाटी पडतेय? नंतर बघू. पाटी पडली? ती तर पडलीच, आता नंतरच बघू! आत्ता ते आरामखुर्चीत शब्दकोडं पोटावर ठेवून पडले होते.

“मशीन चालू? छे! मेन स्विच मी स्वतः बंद केलाय.”

“काका, मला फक्त एकदा आत जाऊ द्या,” टिटवी म्हणाली.

“किल्ली ठेकेदाराकडे आहे. संध्याकाळी तो सगळं भंगारात नेणार. चालू असलं तरी मग आपोआप बंद होईल की!” त्यांनी डोळे मिटले. “बाकी नंतर बघू.”

जिना उतरताना टिटवी कठड्याला धरून थांबली. भंगार! दोन वर्षं ती रात्री उशीत तोंड खुपसून तो आवाज आठवायचा प्रयत्न करायची, आणि दर महिन्याला तो थोडा पुसट व्हायचा. आत्ता कुठे तो कानावर पडला होता. संध्याकाळी तो लोखंडाच्या ढिगात जाणार होता, आणि नंतर बघण्यासारखं काही उरणारच नव्हतं.

“रडू नको,” शंकी म्हणाली. “मला सांग, तो किती वेळाने बोलतो?”

“संगीत संपलं की.”

“मग झालं तर. आपण संगीत पाठ करू, आणि कुठल्या वाक्यानंतर कुठलं येतं तेही.”

उन्हं कलली तसा ट्रक आला. ठेकेदार खाली उतरला, त्याच्यामागे दोन दणकट हमाल. टिटवीने हात जोडून सांगून पाहिलं. “बाजूला व्हा, कामात लुडबूड नको,” ठेकेदार म्हणाला. त्याने खिशातून किल्ली काढली.

शंकीचा कान शटरला होता. संगीत चालू होतं. “थांबा! आतल्या माणसाला विचारलंत का?”

हमाल खो खो हसले. “आत कोण माणूस?”

संगीत संपत आलं. शंकीने शटरवर टकटक केलं आणि मोठ्याने विचारलं, “अहो, दार उघडायचं का?”

आतून कोणीतरी खाकरलं. “अंहं. दार उघडण्याआधी नीट विचार कर.”

हमाल धूम पळाले. एकाने ट्रक गाठला, दुसऱ्याने त्याच्याही आधी. “साहेब, भुताच्या जागेत आम्ही हात घालणार नाही!” ट्रकमधून आवाज आला. ठेकेदाराच्या हातातली किल्ली पायरीवर पडली.

“मालकांना बोलवा! आत्ताच्या आत्ता!” तो किंचाळला.

“बोलावतो!” म्हणून इंजिन सुटला. आणि काय चमत्कार! नंतरकाका एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशा थाटात धापा टाकत हजर झाले.

शटर वर गेलं. आत ओळीने चादरी घातलेली मशीनं होती. अगदी कोपऱ्यात निळसर उजेड पडला होता. त्या पडद्यावर, उंच जिन्यात, लांब कोटातला माणूस कठड्याला टेकून उभा होता.

“हे बघा तुमचं भूत!” शंकी म्हणाली. मशीनशेजारी रचलेल्या खुर्च्यांपैकी वरची एक घसरून कलंडली होती आणि तिचा पाय बरोबर ‘पुढे खेळा’च्या बटणावर टेकला होता. डाव संपत आला की मशीन विचारायचं, पुढे खेळायचं? आणि खुर्ची म्हणायची, हो! 

इंजिन वायर धरून भिंतीपर्यंत गेला. “आणि ही वीज! काका, हा स्विच कसला?”

“तो फ्रिजचा. त्याची लाइन वेगळी आहे,” नंतरकाका म्हणाले. फ्रिज केव्हाच गेला होता. स्विचवर चिकटवलेला कागद मात्र जागच्या जागी होता. त्यावर ठसठशीत अक्षर होतं: कोणीही बंद करू नये.

“अक्षर कोणाचं, काका?”

“माझंच,” नंतरकाका पुटपुटले. “नोकर पोरं फ्रिज बंद करायची म्हणून लावला होता. दुकान बंद करताना मीपण वाचला आणि...”

“आणि ऐकलात!” शंकी म्हणाली.

ठेकेदाराला एकदम धीर आला. “च्यायला, एवढंच! काढा रे तो प्लग!”

“नाहीऽऽ!”

मशीनवरची धूळ उडाली असेल. इस्त्रीवाल्या मावशी धावत आल्या. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. टिटवी दोन्ही हात पसरून मशीनपुढे उभी होती आणि तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं, की आपण एवढ्या मोठ्याने ओरडलो.

“माझे बाबा आहेत ते!”

“हा तर सिनेमातला हिरो ना?” नंतरकाका गोंधळले.

“मारामारी करतो तेव्हा हिरो. नुसता उभा असतो तेव्हा बाबा.”

ती हुंदके देत सगळं सांगत गेली. ठेकेदाराने प्लगकडे गेलेला हात मागे घेतला. नंतरकाकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

इंजिन आत्याला आणायला पळाला. टिटवीची आई आणि मामा घाईघाईने आले. आईला वाटलं, पोरांनी काय उपद्व्याप केला! ती रागाने आत शिरली, तोच मशीन खाकरलं.

“अंहं. झालं का?”

आईने चौकटीचा आधार घेतला. मग कोणी न विचारता ती हळूहळू बोलू लागली.

“गेमच्या लेखकाने नुसतं थांबतानाची वाक्यं लिहिलीच नव्हती. स्टुडिओतले म्हणाले, काहीही बोला, एवढा वेळ थांबून ऐकणार कोण आहे! रात्री घरी येऊन मला हसत सांगत होते. मी विचारलं, मग काय बोललात? तर म्हणाले, रोज सकाळी बोलतो तेच.” तिने टिटवीला जवळ ओढलं. “मी विसरूनच गेले होते गं. आठवलं की त्रास व्हायचा, म्हणून विसरून गेले होते.”

मामा मान खाली घालून उभा होता. त्याने आपला फोन काढला आणि मशीनच्या अगदी जवळ धरला. “या वेळी काही पुसणार नाही,” तो म्हणाला. “आणि शहाण्यांनो, मोठ्यांनी ऐकून सोडून दिलं ते तुम्ही ऐकलंत. शाबास!”

“खऱ्या गुप्तहेराच्या नाकावर टिच्चून!” मावशी म्हणाल्या. “भूत पकडलं की नाही पोरांनी!”

“पोरी, हे मशीन तुझं,” नंतरकाका म्हणाले.

“खरंच? कधी नेऊ?”

“नं...” काकांनी जीभ चावली. “आत्ता! ठेकेदार, ट्रक रिकामाच जातोय ना? हे मशीन हिच्या मामाच्या घरी पोचवा!”

ठेकेदाराने मुकाट्याने मान हलवली. पण आधी टिटवीला ऐकायचं होतं, म्हणून उचलायला कोणीच पुढे झालं नाही.

मशीन न्यायचं म्हणून खुर्ची तर काढून ठेवली होती. मग त्या बटणावर बोट ठेवून उभं राहायचं कोणी? इंजिन उभा राहिला. अजिबात हलला नाही. “पहिला डाव तुझाच,” एवढंच तो म्हणाला.

टिटवीने बटणांवर हात ठेवले आणि काढून घेतले. तिने आईचा हात धरला. तिला कुठेही पळायचं नव्हतं. बाबा रोज तिच्यासाठी थांबायचे. आज ती थांबली होती.

संगीत संपलं. कोटातला माणूस वळला आणि थेट तिच्याकडे बघू लागला.

“अंहं. झालं का?”

“नाही बाबा, अजून थोडा वेळ,” टिटवी म्हणाली.

“नसेल झालं तर होऊ दे. घाई नाही. मी जिन्यात उभा आहे.”