सोमवारीच तयार झालेली बॅग

बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो आमच्या दुकानात शिरला आणि शिरता शिरता पायरीला अडखळला. बॅगेच्या उघड्या तोंडातून मोज्यांचे चार जोड, एक टॉर्च आणि एक पांढरा सदरा थेट माझ्या शिलाई मशीनवर येऊन पडला.

"चेन बिघडलीय," तो म्हणाला.

"ते दिसलं," मी म्हणाले. "मोजेही दिसले."

तो कानापर्यंत लाल झाला. मला तेवढं पुरलं, खरं सांगते.

तो नकाशे काढणारा आरेखक. दिवसभर टेबलावर वाकून पाठ पार कामातून गेलेली. डॉक्टरांनी कान उपटले, म्हणून शुक्रवारी एका खेड्यातल्या योगकेंद्रात महिनाभर राहायला निघाला होता. केंद्राने सामानाची यादी पाठवली होती. ती या पठ्ठ्याने पट्टीने रेघा मारून पुन्हा लिहून काढली होती, प्रत्येक वस्तूपुढे एक छोटासा चौकोन. सैल कपडे, चटई, टॉर्च. फोन आणायचा नाही.

काम दहा मिनिटांचं होतं. चेनचा रनर बदलला की झालं. पण दुकान काकांचं, आणि काकांची पहिली शिकवण अशी, की काम हातोहात देऊ नये, लोकांना ते सोपं वाटतं. "उद्या या" हे माझ्या तोंडात इतकं बसलंय, की घरात कुणी चहा मागितला तरी मी "उद्या" म्हणते.

तो गेला आणि मी लगेच रनर बदलला. काकांनी बॅगेला चिठ्ठी लावली – 'तयार, सोमवार'. मंगळवारी तो आला तेव्हा बॅग टेबलाखालीच होती.

"पट्टा जरा कच्चा वाटतोय," मी म्हणाले. "उद्या या."

बुधवारी तळाचं अस्तर कच्चं निघालं. अस्तराला काहीही झालं नव्हतं. पण तो निमूटपणे स्टुलावर बसला आणि आम्ही यादीवरून भांडायला लागलो.

"पेन्सिली सात?"

"लागतात."

"श्वास घ्यायला?"

"तुम्ही... सगळ्याच गिऱ्हाइकांशी असं बोलता?"

"छे! बाकीच्यांच्या याद्या इतक्या सुबक नसतात हो."

तो हसला आणि त्याने चार पेन्सिली खोडल्या. मग सदरा गुंडाळून कसा भरायचा ते मी दाखवत होते, तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांवर आली... आणि लगेच गेली नाहीत. मीही हात काढला नाही.

गुरुवारी त्याने यादी उघडलीच नाही.

"तिथे वर्षभराचा अभ्यासक्रमही आहे," तो म्हणाला. "महिना की वर्ष, ते पोचल्या पोचल्या सांगायचं असतं."

"मग?"

"मग... इथे कुणी माझी वाट बघणार असेल, तर महिना."

'मी बघेन' – दोनच शब्द. पण मेली जीभ, तिला एकच वळण!

"उद्या सांगते," मी म्हणाले.

"उद्या सकाळी सातला बस आहे माझी."

मी तोंड उघडलं, आणि नेमके काका आतून आले. त्यांनी वाकून बॅग बाहेर काढली. "घ्या की साहेब! सोमवारीच झालीय. नेत का नव्हता?"

त्याने चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. "सोमवारी? मग मला तीन दिवस..."

'तुम्ही यावंत म्हणून.' एवढंच सांगायचं होतं, आणि ते खरंही होतं. पण काका समोर उभे, म्हणून मी हसण्यावारी नेलं. "अहो, गंमत केली."

"गंमत," तो म्हणाला. "अच्छा." आणि पायरी नीट बघून उतरून गेला.

शुक्रवारी पावणेसातला मी बस स्टँडवर होते. तो खिडकीशी बसला होता. मला बघून झटकन पुढे झुकला.

"काही... राहिलं का सांगायचं?"

किती सरळ विचारलं त्याने! आणि मी काय म्हणावं?

"चेन नीट चालतेय ना, बघायला आले."

त्याने चेन एकदा उघडली, एकदा लावली. "छान चालतेय." बस सुटली.

माझ्यामागे एक बाई हात हलवत उभ्या होत्या. त्याची मोठी बहीण, नाक-डोळे अगदी तेच.

"तू बॅगवाली ना गं?" ताई म्हणाल्या. "काय केलंस त्याला? माझ्या दोन चांगल्या बॅगा घरात पडल्यात. रोज सांगत होते, ने त्यातली एक. तर नाही म्हणे, मला तीच हवी. दाढी-बिढी करून निघायचा तुझ्या दुकानात. काल आला तो तोंड पाडून. फोन माझ्याकडे ठेवला, वर्षासाठीच नाव देतो म्हणाला, इथे कोण वाट बघतंय माझी."

"मी बघतेय," मी म्हणाले. शेजारच्या रांगेतले दोघे वळून बघतील इतक्या मोठ्याने.

ताईंनी माझा हात धरला. "मग आत्ता खिडकीशी उभी होतीस, तेव्हा का नाही बोललीस गं?"

त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून मला रडू आवरेना.