दोन प्रतींच्या मधली जागा

त्या वर्षी उपासाच्या महिन्यात बोझांसी गावात आम्हा गावकऱ्यांना मासळी दिसेनाशी झाली होती. राजाचं लग्न मोडायला बिशप मंडळी गावात उतरली होती आणि लुआर नदीतली सगळी वाम त्यांच्याच पानात पडत होती. आम्ही कांद्याच्या रश्श्यावर दिवस काढत होतो. मी गोस्बेर, पेशाने लेखनिक. निकालपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं.

"राजा-राणी एकमेकांचे नातलग आहेत, हे पंधरा वर्षांनी लक्षात आलं होय?" माझी मुलगी रिशिल्द पाव तोडत म्हणाली.

"पिढ्या मोजल्या. जवळच्या नात्यातलं लग्न धर्मात बसत नाही. नातलगांनी शपथेवर सांगितलंय."

"आणि त्या दोन मुलींचं काय?"

"त्या औरसच. लग्न मात्र झालंच नव्हतं, असं लिहायचंय."

"कमाल आहे बाबा! लग्न झालं नाही, मुली तेवढ्या झाल्या." ती खळखळून हसली आणि मग तिने पोटावर हात ठेवला.

तिची आधीची दोन्ही बाळं मृतच जन्मली होती, रडलीच नव्हती. हे तिसरं. नवरा हिवाळ्यात तापाने गेला होता, म्हणजे यापुढे आशा नव्हती. मला देवाकडे त्या बाळाखेरीज काही मागायचं नव्हतं.

आमच्याकडे असा करार एकाच कातड्यावर दोनदा लिहितात, एकदा वर आणि एकदा खाली. मधे चार बोटं जागा कोरी सोडायची. शेवटच्या दिवशी त्या जागेत मोठी अक्षरं काढायची आणि त्या अक्षरांतूनच नागमोडी कापायचं. एक तुकडा राजाला, एक राणीला. पुढे वाद निघाला तर तुकडे जुळवून बघायचे. मधे एक जरी जास्तीची रेघ दिसली तरी दस्तऐवज खोटा, आणि लिहिणाऱ्याचा हात तोडतात.

सोमवारी मी दोन्ही प्रती लिहून काढल्या. मंगळवारी सकाळी मधल्या कोऱ्या जागेत एक ओळ होती.

"ऑगस्टमध्ये राणीला मुलगा झाला. तीन दिवस घंटा वाजत होत्या."

अक्षर माझं होतं. ओळीच्या शेवटी लेखणी जरा खाली ओढायची माझी खोड आहे, तीसुद्धा होती. मी खोलीतल्या दुसऱ्या लेखनिकाकडे, म्हाताऱ्या आंसेलकडे वळलो.

"आंसेल, थट्टा पुरे झाली."

"कसली थट्टा? हे हात बघ कसे थरथरतात. इतकं सरळ लिहिता आलं असतं, तर हे काम तुला मिळालं असतं का?"

आमची शाई लिहिताना फिकी असते, काही दिवसांनी काळी पडते. ही तर काळेपणाही सोडून तपकिरी झाली होती, आजोबांच्या वेळच्या कागदपत्रांसारखी. मी सुरीने ओळ खरवडली, वर खरखरीत दगड घासला आणि कातडं गुळगुळीत केलं.

बुधवारी दोन ओळी होत्या. राणीचा दक्षिणेकडचा मुलूख मुलाकडे आला. इंग्रजांचं एकही जहाज त्या किनाऱ्याला लागलं नाही.

गुरुवारी तीन. त्यात पुढची दोनशे वर्षं होती. कुणी शेतं तुडवली नाहीत, बोझांसीचा पूल कुणी जाळला नाही.

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. हे लग्न मोडलं नसतं तर काय झालं असतं, याची ती हकिकत होती. मग आता, लग्न मोडल्यावर, पूल कोण जाळणार होतं? आणखी एक गोष्ट मला छळत होती. इतक्यांदा खरवडलेलं कातडं विरायला हवं होतं. ते होतं तेवढंच जाड होतं.

आंसेल माझ्या खांद्यावरून वाकला. त्याने वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"खरवड," तो हळूच म्हणाला. "आणि यापुढे वाचू नकोस. आधी खरवडायचं."

शुक्रवारी सगळी कोरी जागा बारीक अक्षरांनी भरली होती. बिशपचा माणूस जिन्याखाली ताटकळत होता. मी नजर सुरीच्या टोकावर ठेवली आणि न वाचता वरून खाली खरवडत गेलो. शेवटच्या ओळीचे चार शब्द उरले, आणि लेखनिकाचे डोळे ते, वाचून गेलेच.

"रिशिल्दचा मुलगा. वय एकाहत्तर."

सुरी थांबली. आधी काय लिहिलं होतं? तो कोण झाला, कुठे राहिला? त्याचा चुरा माझ्या बाहीवर पडला होता.

"थांबलास का?"

"आंसेल, हे माझ्या नातवाचं आहे."

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. "दुसरं कातडं?"

"नाही."

"मग?"

खालून हाक आली. मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. शाईच तर आहे, असं मी मनाला सांगितलं. मी भित्रा माणूस आहे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मी ते चार शब्द खरवडले.

दगड घासला. मोठी अक्षरं काढली. वाळू टाकून सुकवली. कापलं.

जिना उतरून तुकडे बिशपच्या माणसाला दिले, तर मागे शेजारीण उभी होती. "घरी चला, रिशिल्दच्या कळा सुरू होऊन बराच वेळ झाला."

मी धावत सुटलो. पुलावरच दम लागला. दाराशी पोचलो आणि आतून रडणं ऐकू आलं. बाळाचं रडणं. मी उंबऱ्यावर बसलो आणि स्वतःही रडलो.

"मुलगा आहे," सुईण म्हणाली. "आधी हात धुवा."

मी दोनदा धुतले.

रिशिल्द थकून हसत होती. "बाबा, हा रडला बघा."

मी त्याला मांडीवर घेतलं. गुटगुटीत होता, गरम होता. त्याची मूठ मी हलकेच उघडली.

तळहातावर एकही रेघ नव्हती.

मी दुसरी मूठ उघडली. तीही तशीच, गुळगुळीत. मी त्यावरून अंगठा फिरवला.

अंगठ्याला दगडाची पांढरी भुकटी लागली.