भिंतीकडचा डबा

नीलमचा डबा जसाच्या तसा परत आला होता...

ललितानं तो मोरीपाशी उघडला आणि तिचा हात थबकला. सुनेचा कामावरचा पहिला दिवस म्हणून पहाटे उठून तिनं हौसेनं थापलेल्या ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, कागदात बांधलेला ठेचा... कशाला बोटही लागलेलं नव्हतं!

“नीलम, तू जेवली नाई?”

नीलम उंबऱ्यावर बसून तोंडाचा स्कार्फ सोडत होती. चार महिन्यांपूर्वी बडनेऱ्याहून अकोल्याच्या या घरात सून म्हणून आलेली ही पोर, बारावी शिकलेली, बोलायला फटकळ आणि रडायला त्याहून लवकर! तिचा नवरा अनुप चालवायचा तो टेम्पो दुसऱ्याचा, सगळं घर ललिताच्या पगारावर ओढत होतं, म्हणून ललितानंच खटपट करून तिला आपल्या डाळमिलमध्ये निवडणीच्या कामाला लावलं होतं. पोरीच्या पापण्यांवर तुरीची धूळ तशीच होती, आणि त्या धुळीतून आता पाणी ओघळू लागलं.

“कुठं बसून जेवू, आई? तुमीच सांगा! तिकडं कडुलिंबाखाली समद्या बाया गोल करून बसल्या, एकमेकीच्या डब्यात हात घालून राहिल्या, हासून राहिल्या... आन् तुमी एकट्या गोदामाच्या भिंतीकडं तोंड करून! मी मधात, नळापाशी उभी. तेवढ्यात जमुनाआत्या मोठ्यानं बोलल्या, ‘नव्या सुनबाईनं ठरवावं, युनियनमंदी बसाचं का फितुरापाशी!’ सुट्टी सरली, मी उभीच...”

फितूर! दहा वर्षं हा शब्द ललिताच्या कानांवर येत होता, पण सुनेच्या तोंडून तो ऐकताना तिचं अंतःकरण चरचरलं.

“उद्या तिकडं बसजो,” ती शांतपणे म्हणाली. “युनियनची पावती फाडजो. जमुना वाईट नाई, नीलम.”

“आन् तुमी?”

“मले भिंतीची सवय हाये.”

“मंग तुमी काहून नाई झाल्या मेंबर? आत्या आमच्या लग्नालेबी आल्या नाईत, मले वाटलं जागेचं भांडन असन. सख्ख्या भावजयीले लोकायसमोर असं बोलते कोनी? काय केलं व्हतं तुमी असं?”

ललितानं पाठ फिरवली आणि उगाचच चुलीवरचं भांडं हलवलं. सांगावं तरी काय?... धर्मपाल, तिचा नवरा, गेला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मिलमध्ये युनियन हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे, तेव्हा बायकांना एकत्र केलं ते ललितानंच! धुळीनं खोकून बेजार झालेल्या एकेकीच्या घरी जाऊन तिनंच समजूत घातली. शेठपुढे जाऊन बोलली मात्र तिची नणंद जमुना, कारण तिचा आवाज खणखणीत आणि भीडभाड तिला ठाऊकच नव्हती. थोरल्या शेठनं तिला त्याच संध्याकाळी कामावरून काढून टाकलं. तिच्या घरी छपरावरून पडून अंथरुणाला खिळलेला नवरा, पदरात दोन चिमुकल्या पोरी! बाया फाटकापुढे बसल्या खऱ्या, पण पोट कुणाला चुकलं आहे? दिवसागणिक एकेक जण मान खाली घालून मागल्या दारानं कामावर जाऊ लागली, आणि जमुना घसा फोडून घोषणा देतच राहिली. ललिताला ते बघवेना. ती एकटीच थोरल्या शेठकडे गेली आणि तिनं त्याच्यापुढे पदर पसरला.

म्हातारा मोठा बेरकी! बाया खरं कुणाचं ऐकतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं. “जमुनाला घेतो परत,” तो म्हणाला, “पण तू युनियनमध्ये यायचं नाही. कधीच नाही. आणि ही गोष्ट बाहेर फुटली, की तुझी नणंद बाहेर.” ललितानं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी जमुनाला आत घेतलं. फाटकावर गुलाल उधळला, बाया नाचल्या, कामावर गेलेल्याही धावत परत आल्या! “आपली एकी जिंकली, वयनी!” असं ओरडत जमुना पावतीपुस्तक घेऊन आली, पहिली पावती वहिनीच्या नावानं फाडायची म्हणून... आणि ललिता म्हणाली, “मले नाई व्हाचं तुह्या युनियनमंदी.” गुलालानं माखलेले ते हात तसेच हवेत राहिले. आपल्या एकीनं जिंकलो, या एका विश्वासावर ती युनियन उभी राहिली होती. तो विश्वास ललिता कोणत्या तोंडानं मोडणार होती? आणि जमुना इतकी मानी, की वहिनीच्या पदरानं मिळालेली नोकरी तिनं त्याच क्षणी शेठच्या तोंडावर फेकली असती. ललिता गप्प राहिली. त्याआधी दोघी एकाच डब्यात जेवायच्या, आणि जमुना रोज कुरकुरायची, “वयनी, तू मिठाले एवढी कंजूस काहून वं?” त्या दिवसापासून ललिताच्या भाजीला कुणी नावंही ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलमनं फाटकातच जमुनाला गाठलं आणि जेवणाच्या सुट्टीत पावती फाडते म्हणून सांगितलं. अशा बातम्यांना मिलमध्ये पाय फुटतात. सुट्टी व्हायच्या आधीच सासू-सुनेला छोट्या शेठनं केबिनमध्ये बोलावलं. थोरला शेठ वारून दोन वर्षं झाली होती. मुलगा बोलायला गोड होता, एवढाच बापलेकांतला फरक.

“मावशी, बाबा मला सगळं सांगून गेलेत,” तो हसून म्हणाला. “जमुनाबाईंना परत घेण्याच्या बदल्यात तुम्ही शब्द दिला होता ना, युनियनमध्ये जाणार नाही म्हणून? मग आता सुनेचं काय चाललंय?”

नीलमनं चमकून सासूकडे पाहिलं. ललितानं शेठपुढे हात जोडले.

“शेठ, शब्द माह्या एकटीचा व्हता...”

“घर तर एकच आहे ना? सूनबाईचं काम अजून कच्चं आहे, कायम नाही, पावती फाडली तर उद्यापासून यायची गरज नाही. आणि मग जमुनाबाईंचंही आम्हाला बघावं लागेल.”

बाहेर येताच नीलमनं तिचे दोन्ही हात धरले. “आई... तुमी आत्यासाठी हे केलं? आन् दहा वर्स त्यायच्याच शिव्या खाऊन राहिल्या?”

“हळू बोल, पोरी! तुले माह्यी शपथ हाये. जमुनाले कळलं त ते मोडून पडीन. आन् तुह्यं कामबी जाईन.” ललितानं आपले हात सोडवून घेतले. “काय कराचं ते आता तूच ठरव. मी तुले अडवत नाई.”

सुट्टीचा भोंगा झाला. कडुलिंबाखाली बाया बसल्या. जमुनानं पावतीपुस्तक मांडीवर काढून ठेवलं होतं, आणि शेजारच्या बाईला सरकवून भाचसुनेपुरती जागाही केली होती. नीलम डबा घेऊन निघाली, त्या गोलापाशी आली... आणि न थांबता पुढे गेली! गोदामाच्या भिंतीपाशी, सासूला खेटून, भिंतीकडे तोंड करून ती बसली आणि तिनं डबा उघडला.

“घ्या! फितुराची सून फितूर!” मागून कुणीतरी बोललं.

नीलमनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. आणि गालांवरून आसवं घळाघळा वाहत असताना ती पोर मुकाट्यानं जेवू लागली.

ललितानं हातातला घास डब्यात परत ठेवला. दहा वर्षं ती या भिंतीपुढे बसली होती, तिचा पोपडा न् पोपडा ओळखीचा झाला होता, आणि आपलं दुःख आपण आनंदानं उचललं असंच तिला वाटत आलं होतं... पण हे? ही कालची पोर, हातांवरचा हिरवा चुडा अजून नवा, हिनंही इथेच बसायचं? हिचा काय गुन्हा! आपला त्याग आपल्यापाशी, तो सुनेच्या डोक्यावर कोणत्या न्यायानं लादायचा? ललिता ताडकन उठली. तिनं नीलमचा हात धरला आणि तिला ओढतच कडुलिंबाखाली नेलं.

“माह्या सुनेले फितूर म्हनाचं नाई!” ती कडाडली. दहा वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. “मले म्हना, मी आयकलं. हिले नाई! जमुना, तुले कामावर गुलालानं नाई घेतलं. मी गेलती शेठपाशी. मी पदर पसरला, युनियनमंदी येनार नाई म्हनून शब्द देल्ला, तवा तुले आत घेतलं. आता त्याचा पोरगा म्हनते सुनेचाबी शब्द दे, नाईतर तिचंबी काम जाईन आन् तुह्यंबी. मी नाई देत! तुले वाईट वाटन, माईत हाये मले. पन हे लेकरू मी भिंतीपाशी नाई बसू देत!”

जमुनाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“म्हंजे... मले भीकंत भेटली नोकरी?” ती पुटपुटली. “मी गुलाल उधळून राहिली व्हती, आन् तू... दहा वर्स तुले फितूर म्हनलं मी. तू आयकून काहून घेतलं, वयनी? एक डाव माह्या थोबाडीत काहून नाई देल्ली?” आणि उत्तराची वाट न पाहता, डबा तिथेच टाकून, पदरात तोंड झाकून ती निघून गेली. सगळं संपलं, असं ललिताला वाटलं.

दुपारी मात्र एकाएकी मशिनी बंद पडल्या. खिडकीतून ललितानं पाहिलं, जमुना छोट्या शेठच्या केबिनच्या दारात उभी होती आणि तिच्यामागे निवडणीवरच्या झाडून सगळ्या बाया!

“तवा आमी मोडलो व्हतो, शेठ,” तिचा तोच खणखणीत आवाज साऱ्या मिलभर घुमला, “म्हनून माह्या भावजयीले तुमच्या बापापुढं पदर पसरा लागला. आज मोडून दाखवा! तिले, तिच्या सुनेले, मले, कोनालेबी हात लावला, त एकबी बाई निवडनीवर बसनार नाई!”

बाहेर डाळीसाठी ट्रक खोळंबले होते. छोट्या शेठनं तिकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. “अहो जमुनाबाई, मी आपलं सहज बोललो होतो...” असं म्हणून तो कसंनुसं हसला. मशिनी पुन्हा सुरू झाल्या. पण जमुना ललिताकडे न पाहताच घरी गेली, आणि ललितानं ती रात्र कूस बदलत काढली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा ललिताचे पाय सवयीनं भिंतीकडेच वळले. नीलम शेजारी बसली. दोघींनी डबे उघडले, तोच भिंतीवर एक सावली पडली.

जमुना होती. डोळे सुजलेले, काखेत डबा, हातात पावतीपुस्तक. भिंतीकडे तोंड करून ललिताच्या शेजारी बसली आणि पेनाचं टोपण काढलं.

“नाव सांग.”

“तुले माईत नाई का?”

“तुह्या तोंडून आयकाचं हाये मले.”

“ललिता... धर्मपाल तायडे.”

भावाचं नाव ऐकताच जमुनाचं पेन अडलं. मग तिनं नाव पुरतं लिहिलं.

“आन् माह्यं?” नीलमनं विचारलं.

“थांब वं! आंधी सासू, मंग सून.”

मागे पावलं वाजली. कडुलिंबाखालच्या बाया आपापले डबे उचलून एकेक करत येत होत्या, भिंतीपाशी दाटीवाटीनं बसत होत्या. कुणी माफी मागितली नाही, कुणाला ते शब्द सुचलेही नसते. जमुनानं न विचारता ललिताच्या डब्यात हात घातला, अंबाडीच्या भाजीचा घास घेतला, आणि तो चावता चावता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“दहा वर्स झाले, वयनी...” ती कशीबशी म्हणाली, “अजूनबी मीठ कमीच टाकतं तू!”

ललितानं डबा तिच्याकडे सरकवला.