टेपचं दुसरं टोक

ही गोष्ट सांगायची नाही असं ठरलं होतं. गच्चीवरून खाली येताना मामाने आम्हा तिघांना जिन्यात अडवलं आणि बजावलं, "वर ऐकलं ते वरच राहू दे. माऊ, तुझ्या बाबांच्या कानावर गेलं ना, तर ते मला दारात उभं करणार नाहीत." पण तो फक्त सांगू नका म्हणाला होता. लिहू नका म्हणाला नव्हता.

मी आत्ता एका रिकाम्या घराच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर पाय सोडून बसले आहे. बाबांची बदली झाली आहे आणि आम्हाला या गावात घर विकत घ्यायचं आहे. बघून बघून दोन घरं उरली. एक हे, बाबांच्या कामाजवळचं. दुसरं माझ्या नव्या शाळेजवळचं, पण लहान. बाबांना हे हवंय आणि आईला ते. रोज जेवताना तेच.

"पोरीने रोज दोन बस बदलायच्या का?"

"आणि मी रात्रपाळी करून तासभर गाडी हाणायची का?"

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला पटकन बोलता येत नाही. मला शाळेजवळचं आवडलं होतं. तिथल्या खिडकीत बसून वाचता येईल एवढी जागा होती. शेवटी काल रात्री असं ठरलं की इथे आमचं मोठं कपाट आणि दोन्ही पलंग नीट बसतात का ते मोजायचं. बसले तर आजच एजंटला हो म्हणून टाकायचं.

बाबा आत मोबाइलच्या उजेडात मोजताहेत. आई आणि माझा धाकटा भाऊ टिल्लू एजंटबरोबर गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलेत. बाहेर अंधार पडला आहे. दिवा फक्त इथे, ओट्यावर आहे. आतल्या खोल्यांचे बल्ब काढून नेलेले आहेत.

आम्ही उतरलोय ते मामाकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. परवा रात्री जेवणं झाल्यावर वीज गेली, म्हणून आम्ही गच्चीवर चटई टाकून बसलो. मामा, टिल्लू, मी आणि मामाची मुलगी, जिला आम्ही ताई म्हणतो. ताई कॉलेजात आहे आणि कशावरच विश्वास ठेवत नाही.

"घर घ्यायचं तर नीट बघून घ्यावं," मामा म्हणाला. "आमच्या इंचीसारखं होऊ नये."

"इंची कोण?" टिल्लूने लगेच विचारलं.

"माझ्याबरोबर कारखान्यात फिटर होता. खरं नाव मी पण विसरलो. सगळं मोजायचा, म्हणून इंची. बूट घ्यायला गेला तरी खिशातून टेप काढायचा."

"मुलगी बघायला गेला तेव्हा पण काढली असेल," ताई म्हणाली.

"तेव्हा तिनेच याला मोजला. आणि पुढे जन्मभर टेपचं दुसरं टोक तीच धरत आली. हसू नकोस. ते लक्षात ठेव."

मग मामाने सांगितलं, की इंचीला मोजायचं वेड उगाच लागलं नव्हतं. आधी तो भाड्याच्या घरात राहायचा. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. सामान हलवलं त्या दिवशी कळलं, की तिचा लांब पलंग आतल्या दाराच्या वळणातून जातच नाही. झालं. म्हातारी बाहेरच्या खोलीत, थेट दाराशी पडली. येणारा-जाणारा तिला बघायचा. तिची चादर बदलायची तर पाहुण्यांनी रस्त्यावर उभं राहायचं. असं किती वर्षं चाललं. इंचीने तेव्हाच ठरवलं, की स्वतःचं घर घेईन तेव्हा आधी आईची खोली.

"मग त्याला बढती मिळाली, पण दुसऱ्या गावी. एकटा पुढे गेला. इकडे बायको, पोरगी आणि आई. तिकडे कंपनीने राहायला दिलेली जागा महिनाअखेर सोडायची होती, म्हणजे घाई. रोज ड्यूटी सुटली की घरं बघायची. कुठे पलंग मावत नाही, कुठे मावतो तर खिडकी नाही. आईचा फोन यायचा. ती म्हणायची, खोली कशीही चालेल रे बाबा. फक्त दिवसभर एकटी पडले नाही म्हणजे मिळवली."

मामाने पाय जवळ घेतले.

"तो गुरुवार होता. डिसेंबरचा दुसरा गुरुवार."

"अमावास्या?" ताईने विचारलं.

"तुझं डोंबल. चांगला अर्धा चंद्र होता. रात्रीचे आठ वाजले असतील, जास्त नाही. गल्लीच्या शेवटचं बैठं घर. बरेच दिवस बंद, म्हणून वीज तोडलेली. एजंटने कुलूप काढलं आणि म्हणाला, तुम्ही बघा, मी एक फोन घेऊन आलोच. इंची आत शिरला. एका हातात मोबाइलचा उजेड, दुसऱ्या हातात टेप. कोरी करकरीत टेप. त्याच दुपारी घेतलेली, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती. का, तर नव्या घराला नवी टेप."

(आत्ता आत बाबा "बारा फूट... बारा फूट" असं स्वतःशीच म्हणाले. ते नेहमी दोनदा म्हणतात.)

"बाहेरची खोली मोजायला घेतली. आता एकट्या माणसाला खोली मोजता येते का? भिंतीला टोक लावायचं आणि मागे यायचं, की ते टोक खाली पडतं. दोनदा पडलं, तीनदा पडलं. इंची वैतागला. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं... धर गं जरा."

मामा थांबला.

"आणि टेप ताठ झाली."

ताई हसली नाही, पण हसल्यासारखं तोंड केलं.

"याला वाटलं एजंट आला. वाटणारच ना? उजेड हातातल्या आकड्यांवर. समोर सगळा काळोख. हा म्हणतो, सॉरी हं साहेब, बायकोची सवय. समोरून काही नाही. हा म्हणतो, चौदा फूट दोन इंच, सोडा. सोडली. टेप खट्टकन आत. पुढच्या खोलीत याने टेपचं टोक नुसतं काळोखात पुढे केलं. ते कुणीतरी हातातून घेतलं. अलगद. चिमटीत धरून घ्यावं तसं."

"आणि त्याने बघितलं नाही?" टिल्लू माझ्या अंगाला चिकटला होता.

"माणूस मोजताना आकडा बघतो रे. त्यात इंची खुशीत. घर मनासारखं निघत होतं. आईच्या गोष्टी सांगायला लागला. म्हणे, आमच्या आईला सोबत हवी बघा. म्हणे, पलंग वळला पाहिजे. आता मागची खोली बघू. असं म्हणाला, आणि टेप याच्या आधी निघाली. मागच्या खोलीकडे. हा मागून. मागची खोली मोठी. खिडकी मोठी. इंचीने विचारलं, खिडकीपासून धरता का? धरली. अकरा फूट. दार रुंद. वळण नाहीच. इंचीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. घर मिळालं."

खाली रस्त्यावर एक गाडी गेली.

"तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. इंचीने बाजूच्या झरोक्यातून बघितलं. रस्त्यावर एजंटची गाडी. आत दिवा. एजंट गाडीत बसलेला. फोन कानाला. हसतोय. याला हात करतोय, की झालं का?"

टिल्लूने माझा हात घट्ट धरला.

"टेप अजून ताठ होती."

...

"मग ढिली पडली. थोडी. इंचीने खाली आकडा बघितला. दहा. हा जागचा हलला नव्हता. नऊ. टेप हळूहळू हातात गुंडाळली जात होती. पावलं नाहीत. श्वास नाही. नुसता टेपचा आवाज... सर्र... सर्र... सात. पाच. चार."

"बाबा, पुरे," ताई म्हणाली.

"तीनवर थांबली. म्हणजे हाताच्या अंतरावर. मोबाइल नुसता वर करायचा. तेवढंच. पण केला नाही. तो मला म्हणाला, जन्मात एकच शहाणपण केलं, उजेड वर केला नाही. हा म्हणाला, सोडा. काही नाही. परत म्हणाला, सोडा हो, मला हे घर घ्यायचं नाही. तर..."

मामाने हवेत हात धरला आणि एकदा आपल्याकडे ओढला.

"हिसका. असा. रागावून नाही. पोर पदर ओढतं ना, जाऊ नको म्हणून, तसा. शेवटी म्हणाला... बरं. घेतो. हेच घेतो. आईला घेऊन येतो."

...

"तेव्हा सोडली."

मग इंची धावत गाडीत येऊन बसला, असं मामा म्हणाला. एजंट म्हणाला, "झालं एवढ्यात? मी येणारच होतो." गाडीतल्या दिव्यात इंचीने टेप थोडी बाहेर ओढली. एक आणि दोन हे आकडे नव्हते. पिवळा रंग जाऊन आतलं पोलाद चकचकत होतं. एकाच जागी वर्षानुवर्षं अंगठा दाबून धरला तर होईल तसं. आणि चिठ्ठीवरची किंमत अजून वाचता येत होती.

"मग घेतलं का घर?" टिल्लूने विचारलं.

"छे. दुसरीकडे लहानसं घेतलं. आईचा पलंग परत बाहेरच्या खोलीत. ती गेली तिथेच. एकदा इंची मला म्हणाला, कधी कधी वाटतं चुकलंच. त्या घरात आईला सोबत तरी झाली असती."

"पण त्याने शब्द दिला होता," ताई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"तेच तर. म्हणून टेप माझ्याकडे दिली. मोडवत नाही आणि टाकवत नाही म्हणाला. एवढंच म्हणाला, की एकट्या माणसाने वापरू नको."

"कुठाय ती?"

"आहे. तुला काय करायचंय? चला खाली."

एवढीच गोष्ट. मी ती नीट आठवून लिहिली आहे, मामाच्या शब्दांत. मला वाटलं होतं लिहून झाली की डोक्यातून जाईल. परवापासून मी झोपताना हात पांघरुणाबाहेर काढलेला नाही.

आत्ता बाबा पाणी प्यायला इथे आले होते. खूश होते. म्हणाले, "माऊ, कपाट तर बसलं बघ. तुझ्या आईला सांगायला मजा येईल." बाटली उघडताना त्यांनी टेप माझ्या वहीशेजारी ठेवली. आमची टेप निळी आहे. ही पिवळी होती. मी विचारलं, "ही कुठली?"

"मामीने दिली सकाळी. आपली कुठे बांधली गेली कोण जाणे. मामाच्या पेटीत अगदी तळाशी होती, फडक्यात गुंडाळून. तुझा मामा पण ना, काय काय जपून ठेवतो."

तिचं टोक जरा बाहेर आलेलं होतं. तीन दिसत होता. त्याच्या आधी काही नव्हतं. नुसतं चकचकीत.

मी तोंड उघडलं. काय आणि कसं सांगायचं ते सुचेना. मामाला शब्द दिला होता. तेवढ्यात बाबांनी टेप उचलली, म्हणाले, "आता मागची खोली राहिली," आणि शीळ घालत गेले.

आई अजून गच्चीवरच आहे. टिल्लूचं हसणं वरून ऐकू येतंय. म्हणजे ते तिघंही वर आहेत.

मागच्या खोलीत टोक पडल्याचा आवाज आला. परत पडलं. बाबा म्हणाले, "ये गं, धर जरा."

मी उतरणार होते. खरंच उतरणार होते.

बाबा म्हणाले, "शाब्बास."

मी लिहिणं थांबवलेलं नाही, कारण थांबवलं तर सगळं जास्त नीट ऐकू येईल.

"अकरा फूट... अकरा फूट. वा! आता सोड."

...

"सोड की गं."

...

"माऊ, काय चाललंय? अगं, ओढतेस काय?" बाबा हसताहेत. "आवडलं ना तुला? मग आधी का नाही बोललीस? बरं बाई. हेच घेऊ. दिला शब्द. झालं समाधान?"

खट्ट.

आता बाबा हाक मारताहेत. मागच्या खोलीतून. पण आवाज वेगळा आहे. "माऊ? माऊ, तू कुठे आहेस?" मी इथे आहे, बाबा, मी ओट्यावरून हललेच नाही, आले, थांबा, उजेड वर करू नका, तुमच्या समोर जे