पायाखालचा उन्हाळा

बारी समाजात पानमळ्यात कोणी पायताण घालून जात नाही. नागवेल म्हणजे देवता. त्यामुळे पिंपळझिऱ्याच्या जमिनीला ताप चढलाय हे गावात सगळ्यांआधी शीलाबाईंच्या तळव्यांना कळलं. ऐन थंडीतही वाफ्यातली माती कोमट लागायची. निम्म्या वेली मुळापासून काळ्या पडल्या होत्या.

त्यांनी भाचीला बोलावलं. शर्वरी शहरात जोडपाट्यांवर काम करणारी शास्त्रज्ञ. जोडपाटी म्हणजे उन्हातून एकाच वेळी वीज आणि गरम पाणी देणारी पाटी; शहरातलं एकही छप्पर आता तिच्याशिवाय नव्हतं. पाटी तापली की वीज कमी देते, म्हणून तिच्या पाठीमागून पाणी खेळवून तिला गार ठेवायचं. हिवाळ्यात ते तापलेलं पाणी आंघोळीला जायचं, पण वैशाखात ते कोणाला हवं? शर्वरीच्याच चमूने ते खोल बोअरमध्ये सोडायची युक्ती काढली. पाट्या गार, वीज भरपूर. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून सगळे खूश झाले. पण उष्णता अशी मरत नाही. जमिनीखालच्या पाण्याबरोबर ती मुंगीच्या पावलांनी शहराबाहेर, उताराकडे सरकत राहिली.

शर्वरीने मातीत तापमापक खुपसला आणि आकडा वहीत उतरवला.

"आत्या, हा आम्ही बारा वर्षांपूर्वी बोअरमध्ये सोडलेला उन्हाळा आहे."

"मंग बंद करून टाक ना बाई ते बोअर."

बोअर बंद केले तर वीज अपुरी पडेल, उन्हापासून आसरा देणाऱ्या शहरातल्या थंड खोल्या बंद पडतील, आणि त्यांच्याशिवाय आता वैशाखात म्हातारी माणसं जगत नाहीत, असं शर्वरीने समजावलं. शिवाय वाटेला लागलेली उष्णता मागे फिरणार नव्हती. मागून येणारे उन्हाळे तर याहून कडक होते. शीलाबाईंना भाचीचा संताप आला, पण तिचा उतरलेला चेहरा पाहून तो धरवेना.

"अन् हा ताप इथून कुठं जाईन?"

"उताराला. सोनटाकळीकडे."

सोनटाकळीला त्यांची लेक प्रणिता दिली होती. जावयाने यंदाच नवा पानमळा लावला होता.

"तिले सांगू का?"

"सांगून ती काय करेल, आत्या?"

संध्याकाळी लेकीचा फोन आला. वेली छान धरल्यात, पुढे पोरांना कोणाच्या दारात नोकरी मागायला नको, मळाच पोसेल, असं ती भरभरून सांगत होती. शीलाबाई नुसत्या हुंकार देत राहिल्या.

"पानी देत जाय बाई, टायमावर," शेवटी एवढंच त्या म्हणाल्या.