कललेलं पाणी

शुक्रवारी दुपारी आईनं पीडाच्या हातात डबा दिला. "मामाला देऊन ये. आणि वाटेत उघडून खाऊ नकोस."

"अळणी कोण चोरून खातंय?" पीडा म्हणाली.

खरं नाव हजेरीपुरतं. घरीदारी सगळे तिला पीडाच म्हणायचे, आणि ते नाव तिनं मेहनतीनं कमावलं होतं. पण आज ती डबा घेऊन उंबऱ्यातच रेंगाळली.

मामा समोरच्याच गल्लीत एकटा राहायचा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला आतल्या कानाचा जुना आजार होता. आधी कानात दडा बसायचा, मग शिट्टी वाजायची, मग खोली भोवऱ्यासारखी फिरायची. मीठ बंद, शिडी बंद. पण गेले अकरा महिने एकदाही गरगरलं नव्हतं. याच सोमवारी तो पुन्हा शिडीवर चढणार होता.

मामाची एक सवय होती. पलंगासमोर समुद्राचं चित्र टांगलेलं. सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधी तो त्यातली पाण्याची रेघ बघायचा. रेघ आडवी असली की दिवस आपला.

झालं! सोमवारी सकाळी पीडा हळूच आत शिरली आणि चौकटीमागे तिनं कागदाची घडी सरकवली. चित्र दोन बोटं कललं. मामा बोंबलेल, मग धपाटा घालेल, मग दोघं पोट धरून हसू, असा बेत.

मामा बोंबललाच नाही. त्यानं रेघ बघितली, चादर गच्च धरली. "परत आलं..." एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

तेव्हाच सांगायचं होतं. पण पीडा दाराआडूनच घरी पळाली. पाटीचं काम दुसऱ्याला गेलं. बुधवारी मामाला खरोखरच गरगरायला लागलं. उलट्या, घाम, मोरीपर्यंत रांगत जाणं. डॉक्टर म्हणाले, "हा आजार असाच उलटतो. धसक्यानं तर हमखास." धसका! तो कुणी दिला, ते पीडाला ठाऊक होतं.

आज कागद काढायचा आणि सगळं ओकून टाकायचं, असं ठरवून ती आत आली. मामा भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोलीत औषधाचा, आंबूस वास. तिनं चौकटीमागे हात घातला.

कागद नव्हता. चित्र मात्र कललेलंच.

तिनं ते सरळ केलं, हात काढला. चौकट भिंतीवर करकरत, सावकाश, परत कलली.

"कागद मी सोमवारीच काढला," मामा पडल्या पडल्या म्हणाला. "तुझ्या गणिताच्या पेपरचा होता. शून्य मार्क. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"मामा... चुकले रे मी. मग बोलला का नाहीस?"

"कागद काढला तरी पाणी सरळ होईना. म्हटलं, आपलाच कान..." तो कूस बदलून तिच्याकडे वळला. आवाज एकदम बारीक झाला. "खरं सांग. तुला... कसं दिसतंय?"

आता पुन्हा खोटं बोलायची तिची छाती नव्हती.

"कललेलं."

मामानं केवढा तरी श्वास सोडला. पाय खाली टेकले आणि कशाला न धरता उभा राहिला. "म्हणजे मी बरा आहे! पीडे, मी बरा आहे गं!" हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पीडाला मात्र हसू येईना.

तेवढ्यात दार वाजलं. "चमचा विसरलीस, बावळट," म्हणत आईनं उंबऱ्याशी चपला काढल्या.

दोन्ही चपला फरशीवरून आपल्या आपण निघाल्या. सावकाश घसरत पीडाच्या पायांशेजारून गेल्या, पलंगाखालच्या अंधारात शिरल्या. पलीकडे भिंत होती. तिघंही कान देऊन उभे राहिले.

भिंतीला आपटल्याचा आवाज काही आला नाही.