रिकामं भांडं देऊ नये

सुयश, नीना, तंबू उद्या भरा. सायकलनं फ्रान्सला निघालाय, तर ऋजुताचं ऐकून जा. माझ्या मित्राची मुलगी, इथे लंडनला, हाउन्सलोतच राहते. पटवून घ्या असा माझा आग्रह नाही. घडलं तसं सांगतो.

२०२४चा सप्टेंबर. ती आणि तिचा नवरा अपूर्व फेरीबोटीनं नॉर्मंडीला उतरले. दिवसभर सायकल, रात्री तंबू. पहिल्या संध्याकाळी ब्रेड आणायला गावात गेले, तर दुकान बंद. तिथली दुकानं स्वतःच्या सोयीनं उघडतात, आपल्या पुण्यासारखीच. एका म्हातारीनं दारातून यांना पाहिलं आणि गरम सूपचं पातेलं हातात दिलं.

आता शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करतो का? ऋजुतानं सकाळी पातेलं घासलं, त्यात मूठभर चिवडा घातला आणि म्हातारीच्या उंबऱ्यावर ठेवलं. चांगल्या घरची मुलगी. तेच नडलं.

दुसऱ्या रात्री मुक्काम पार पुढच्या जिल्ह्यात. तंबूची चेन उघडली, तर बाहेर तेच पातेलं. गरम.

अपूर्व हसला. "आजीला तुझा चिवडा आवडलेला दिसतोय. गाडी काढून मागे आली."

ऋजुताला काही हसू येईना. पण तिनं त्यात दोन लाडू घातले आणि भांडं बाहेर ठेवलं. सकाळी ते नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चढच चढ. वजन कमी करायचं म्हणून अपूर्वनं उरलेला सगळा खाऊ तिला न विचारता टाकून दिला. त्यावरून जोरदार भांडण. रात्री कॅम्पसाइटवर या दोघांशिवाय कुणी नाही. बारा तारीख, गुरुवार. पातेलं आलंच.

"आता काय घालू यात?"

"लीव्ह इट, ऋजू. झोप."

"रिकामं नाही देत रे."

पाय ठणकत होते, डोकं फिरलं होतं. तिनं भांडं बाहेर सरकवलं आणि अंधाराला म्हणाली, "आजी, द्यायला आता एवढा नवराच उरलाय. घेऊन जा."

जिभेला हाड नसतं. दोघंही हसले. भांडण मिटलं. झोपले.

मग...

आवाज नाही. पावलं नाहीत. नुसती थंडी. तिनं शेजारी हात टाकला. त्याच्या स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत लावलेली. आत... कुणी नाही.

बूट जागेवर. सायकल कुलपात. बाहेरचं पातेलं मात्र गेलेलं. पोलिसांनी कॅम्पसाइटजवळचं तळं पालथं घातलं. म्हातारीच्या घरात कैक वर्षं कुणी राहत नाही, म्हणाले. सासूबाई पुण्याहून रोज फोन करायच्या, "काय झालं गं त्या रात्री?" ऋजुतानं एकदा खरं सांगितलं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

"काका, सोबत चला," मला म्हणाली. पुढच्या वर्षी, तेरा सप्टेंबरच्या पहाटे, आम्ही त्या कॅम्पसाइटच्या मैदानात उभे. गवत दवानं चिंब. त्यांचा तंबू होता तिथे मात्र...

एका माणसाएवढं गवत दबलेलं. कोरडं. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. अपूर्व तसाच झोपायचा म्हणे.

मी वाकून हात लावला.

ऊब होती.

ऋजुता गुडघ्यांवर बसली. "अपूर्व," म्हणाली. "चुकले रे. ये ना."

आणि गवत उभं राहायला लागलं... हळूहळू... तिची हाक ऐकून कुणीतरी उठून निघून गेल्यासारखं.